‘लक्षवेधी’ की ‘लक्ष्यवेधी’? आणि कायनेजला काय म्हणावं?

राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या थोरल्या भावाला फुफ्फुसाचा कर्करोग झालाय. डॉक्टरांनी ‘टार्गेटेड थेरपी’ची गोळी सुरू केली, ती ‘कायनेज इनहिबिटर’ आहे असं सांगितलं. हाती आलेल्या मराठी माहितीपत्रकात मात्र ‘लक्षवेधी उपचार’ छापलंय. ताई विचारतात, हा शब्द बरोबर आहे का, आणि कायनेजला आपल्या भाषेत काय म्हणायचं? घरी आईला समजावून सांगायचंय.

‘लक्षवेधी’ इथं चूकच आहे. लक्ष म्हणजे ध्यान. ते वेधून घेणारी ती लक्षवेधी. विधानसभेत आमदार मांडतात ती लक्षवेधी सूचना. ज्यावर नेम धरायचा ते लक्ष्य, म्हणून उपचार ‘लक्ष्यवेधी’. बोलताना य गिळला जातो आणि मग छापतानाही गळतो. एरवी मी एवढ्या य साठी भांडलो नसतो, पण इथं सगळा अर्थ त्या लक्ष्यात आहे. गाठीवर नेम तर शस्त्रक्रियेतही धरतात, किरणोपचारातही धरतात. या गोळीचा नेम पेशीतल्या एका ठरावीक प्रथिनावर असतो आणि ते प्रथिन बहुतेक वेळा कायनेज असतं.

आता कायनेज. ग्रीक ‘किनेइन’ म्हणजे हलवणं, चालना देणं. सिनेमा हा शब्दही त्याच मुळातला. 1929 साली ज्या गावात ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली, त्या आपल्या कोल्हापूरला हे मूळ परकं वाटू नये. शेवटचं ‘एज’ हे विकराचं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एंझाइमचं, शेपूट. गंमत अशी की ज्याला हे नाव आधी मिळालं, ते आतड्यातलं एंटेरोकायनेज आजच्या व्याख्येत कायनेज नाहीच. ते दुसऱ्या विकराला कापून जागं करतं. आज कायनेज म्हणजे एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेटचा गट उचलून दुसऱ्या रेणूवर चढवणारं विकर, आणि तो गट प्रथिनावर चढवणारं ते प्रथिन-कायनेज.

मराठीत सांगायचं तर मी करवीर-कागलच्या शेतकऱ्याचा शब्द घेईन : स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. फॉस्फेट त्याचंच. नत्र, स्फुरद, पालाश आपल्याकडं ऊस लावणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. डीएपीच्या पोत्यावर 18-46 लिहिलेलं असतं, त्यातला 46 स्फुरदाचा. ‘स्फुर्’ म्हणजे थरथरणं, चमकणं. स्फुरण चढतं तेही त्यातूनच. कायनेज करतं ते अक्षरशः हेच : प्रथिनाला स्फुरद चढवतं आणि प्रथिन कामाला लागतं. (काही प्रथिनं उलट थांबतात, तेही खरं. आणि खताचा या आजाराशी संबंध जोडू नका, शब्द तेवढा उसना घेतलाय.) काम झालं की फॉस्फटेज नावाची विकरं ते स्फुरद उतरवतात. ही चढ-उतार दाखवून देणाऱ्या फिशर आणि क्रेब्स यांना 1992 चं नोबेल मिळालं. 2002 च्या मोजणीत माणसाच्या जनुकांत अशी 518 प्रथिन-कायनेजं भरली.

कर्करोगात यातलं एखादं कायनेज बिघडतं आणि चालूच राहतं. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप थांबत नाही. फुफ्फुसाच्या काही रुग्णांत ते ईजीएफआर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारं कायनेज, असतं. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे नवंच कायनेज तयार होतं. त्यावरची इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत 2001 साली मंजूर झाली.

ताई, गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचून बघा. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब, सगळ्यांच्या शेवटी ‘निब’ आहे. ते ‘इनहिबिटर’मधूनच आलंय. त्याला मराठीत ‘रोधक’ म्हणा, ‘नाशक’ नको. तणनाशक तण मारतं, पण ही गोळी कायनेजला मारत नाही. एटीपी जिथं बसतो त्या खोबणीत ती स्वतः जाऊन बसते. खोबणीचा आकार बदलला की गोळी नीट बसत नाही. म्हणून काही महिन्यांनी, वर्षांनी डॉक्टर पुन्हा तपासणी करून काही वेळा दुसरी ‘निब’ देतात, तेव्हा घाबरू नका.

तर लिहिताना ‘लक्ष्यवेधी उपचार’ आणि ‘कायनेज-रोधक’. कायनेज तसंच ठेवा, इन्सुलिन ठेवलंय तसं. आईला सांगताना मात्र यातला एकही शब्द नको. मी असतो तर म्हणालो असतो, “आई, मळ्यातल्या मोटारीचं हिरवं बटण दाबलेलंच अडकून बसलं तर मोटार थांबल का? दादाच्या पेशीत तसंच झालंय. ही गोळी त्या बटणाच्या खाली जाऊन बसती. रोज घ्यायची, चुकवायची न्हाई.”