ट्रॅम्पोलिन घ्यायचं ठरलं, पण तिथे उभं कोण राहणार?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, मुलांसाठी सेफ ट्रॅम्पोलिन कुठला घ्यावा?" (ट्रॅम्पोलिन म्हणजे फ्रेमला स्प्रिंगांनी ताणून बांधलेली, उड्या मारायची चादर, भोवती बहुतेक वेळा जाळी.) नेरूळ, ऐरोली, वाशीच्या रो-हाऊसवाल्यांकडून जास्त, घोडबंदर रोडच्या बंगल्यांतूनही येतो, म्हणजे ज्यांच्या घरामागे थोडंफार अंगण आहे अशी माणसं. खरं तर हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा, समुपदेशकाला कशाला, असं वाटेल, पण माझ्याकडे येतो तेव्हा त्यावरून घरात दोन-चार वेळा भांडण होऊन गेलेलं असतं. अशाच एका नेरूळच्या कुटुंबाबद्दल लिहितेय, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलगा 7 वर्षांचा, मुलगी साडेतीन. बाबा ट्रॅम्पोलिनवर ठाम, कारण मुलगा शाळेतून आला की स्क्रीनला चिकटतो आणि "आम्ही गावाला विहिरीत उड्या मारत मोठे झालो, काय झालं आम्हाला?" आई पूर्ण विरोधात. तिने मोबाईलवर पडण्याचे व्हिडिओ सेव्ह करून ठेवलेले, झोप लागत नाही म्हणाली. पहिल्या भेटीत दोघं माझ्याकडे बघून बोलत होते, एकमेकांकडे नाही. आणि मग आई एक वाक्य बोलली ते मला महत्त्वाचं वाटलं, "या घरात नाही म्हणणारी बाई कायम मीच."

म्हणून आधी मी माहिती समोर ठेवली, म्हणजे तो "नाही" एकट्या तिच्या डोक्यातून आलेला राहत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने, 2012 साली परत स्पष्ट सांगितलंय की घरी करमणुकीसाठी ट्रॅम्पोलिन नकोच. त्यांच्या म्हणण्यानुसार जवळपास तीन चतुर्थांश दुखापती एका वेळी एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात आणि त्यात सगळ्यात लहान, हलकं मूल सगळ्यात जास्त लागून घेतं, मोठ्यांच्या तुलनेत तब्बल 14 पटांपर्यंत. कारण साधं आहे. मोठा मुलगा खाली येतो तेव्हा चादर खाली दबते आणि ती परत वर येताना नेमकी धाकटी तिच्यावर उतरत असेल तर सगळा जोर तिच्या कोवळ्या पायात जातो. लहान मुलांचं नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली असं मोडतं, ती पडलेलीसुद्धा नसते, जाळीच्या आतच असते. हे ऐकून बाबा पहिल्यांदा गप्प झाले, कारण त्यांच्या डोक्यात भीती एकच होती, बाहेर पडण्याची, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी उंच जाळीवाला मॉडेल शोधून ठेवला होता. जाळी हवीच, पण आतली टक्कर, आतला मुरगळा, कोलांटी मारताना मानेवर पडणं, हे जाळी थांबवत नाही.

6 वर्षांखालच्या मुलांसाठी मोठा ट्रॅम्पोलिन नाहीच, हे चांगल्या कंपन्या खोक्यावरच लिहितात. युरोपच्या ईएन 71-14 या मानकात तर एका वेळी एकच मूल, असा इशारा द्यावाच लागतो. म्हणजे या घरात तो फक्त दादाचा. आणि साडेतीन वर्षांची बहीण बाहेर उभी राहून बघेल का हो?

मग मी त्यांना घरी जाऊन मागचं अंगण मोजायला सांगितलं. 14 बाय 16 फूट निघालं, त्यात तुळशीवृंदावन, कपड्यांची दोरी आणि एका बाजूला कंपाऊंडची भिंत. 10 फुटी ट्रॅम्पोलिनच्या सगळ्या बाजूंनी साधारण 2 मीटर मोकळी जागा धरली तर 23 फूट लागतात, शिवाय वर फांदी नको, वायर नको. बाबांनी मग जमिनीत खड्डा करून बसवायचा पर्याय काढला, पण नवी मुंबईचा पाऊस आपल्याला माहितीये, त्या खड्ड्यात जून ते सप्टेंबर पाणी साचणार आणि डास होणार. गच्चीचं तर नावच काढू नका, कुणाच्याही गच्चीवर.

पण खरी गाठ सुटली ती एका कागदावर. मी आठवड्याचे सात दिवस आडवे आखून दिले आणि विचारलं की मुलगा उड्या मारत असताना तिथे कोण उभं असेल, मोबाईल खिशात ठेवून, ते नाव लिहा. बाबांनी रविवारी स्वतःचं नाव लिहिलं. पेन तिथेच थांबलं. मग सोमवार ते शनिवार हळूहळू "आई, आई, आई" असं लिहिलं, आणि ही आई म्हणजे त्यांची आई, मुलांची आजी, कारण दोघंही नोकरीवाले, बाबा ट्रेनने घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात.

पुढच्या वेळी आजींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "अरे, मला कुणी विचारलंच नाही. माझे गुडघे असे, धाकटी आत शिरली तर मी तिला ओढून काढू कशी? आणि काही झालं तर तुम्हा दोघांना तोंड काय दाखवू?" सूनबाईंनी त्यांचा हात धरला, "आई, माझी भीती हीच होती, मला सांगता येत नव्हती." मला इथे मनापासून वाटतं की अशा घरांत वस्तूवरून वाद कमी असतो, तिची जबाबदारी न विचारता कुणाच्या तरी अंगावर पडणार असते त्याचा जास्त असतो, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्याच अंगावर पडते.

निर्णय असा झाला की आत्ता घ्यायचा नाही. मुलाची उड्यांची हौस खरी आहे, ती मारायची नाही, म्हणून त्याला जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला घातलं, तिथे शिकलेले कोच असतात, एकेकालाच वर घेतात (ट्रॅम्पोलिन 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, हे ऐकून स्वारी जाम खूश). रविवारी नेणं-आणणं बाबांकडे. आणि माझी एकच अट होती, मुलाला "नाही" हे बाबांनी सांगायचं, आईने नाही. त्यांनी सांगितलं, तो रडला, अर्धा तास दार लावून बसला, आणि आईकडे तक्रार घेऊन गेला नाही. ती हे सांगताना केवढी हलकी वाटत होती!

आता ज्यांच्याकडे जागा आहे, मुलं मोठी आहेत आणि घ्यायचं पक्कं आहे त्यांना सांगते. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली फ्रेम घ्या, आपल्याकडे खाडीच्या हवेत गंज लवकर धरतो. स्प्रिंग, हुक आणि कडा पूर्ण झाकणारं जाड पॅड हवं, जाळी स्प्रिंगच्या आतल्या बाजूने असावी म्हणजे पोर स्प्रिंगवर जाणारच नाही, खांबांना फोम हवा. एएसटीएम एफ 381 (हे अमेरिकेतलं सुरक्षेचं मानक) किंवा ईएन 71-14 लिहिलंय का बघा आणि पॅड-जाळी सुटी मिळते का ते आधीच विचारा, कारण उन्हाने जाळी कुजते, हाताने ताणून दर महिन्याला बघत जा. खेळ संपला की शिडी काढून घरात, नाहीतर धाकटं एकटं चढतं. कोलांट्या पूर्ण बंद. पावसाळ्याआधी सोडवून आत ठेवा, ओल्या चादरीवर पाय सटकतो.

आणि लहान मूल उड्या मारून आल्यावर पाय टेकायला तयार नसेल तर सूज दिसत नाही म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा. डोक्यावर किंवा मानेवर पडलं तर उचलून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, मान हलू न देता तसंच राहू द्या आणि 108 ला फोन करा. हा नंबर आजींच्या फोनमध्येही सेव्ह करून द्या.