मोठा ओव्हरहॉल मॉड टाकला की ओपन-वर्ल्ड गेमचा नकाशा खरंच बदलतो, की नुसते ग्राफिक्स? जुना सेव्ह चालतो का?

मॉड म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये केलेला फेरफार. त्यानं बदलतात ते 'नुसते ग्राफिक्स' हे माझा आतेभाऊ इतकी वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहायला बसलो.

मी मॉरोविंडवाला. २००२च्या त्या गेममध्ये फक्त व्हार्डनफेल बेट. गेममधली माणसं सारखी 'मेनलँड'च्या गप्पा मारतात, पण एबनहार्टच्या धक्क्यावरून दक्षिणेला पोहत सुटलात तर नुसतं पाणी. टॅमरिएल रीबिल्ट हा ती मेनलँड जोडणारा मॉड टाकल्यावर पहिल्याच रात्री मी तिथूनच उडी मारली. जहाजानं जाता येतं, पण मला पोहूनच जायचं होतं. दोनदा स्लॉटरफिश चावले, हेल्थ निम्म्यावर आली, आणि धुक्यातून आधी एक काळपट रेघ, मग तटबंदी, मग छपरं. ओल्ड एबनहार्ट! अंगावर काटा आला. आतेभावाला हाक मारली तर हा म्हणतो, "कंपनीनं समुद्र ठेवलाय ना? मग समुद्रच पाहिजे. हे रिकामटेकड्यांचे उद्योग." अरे, मग कंपनीनं गेमबरोबर कन्स्ट्रक्शन सेट हे गेम बदलायचं साधन काय शोभेला दिलं होतं?

असो. नकाशा बदलतो तो असा: गेमची जमीन सेलमध्ये कापलेली असते. मॉरोविंडमध्ये एक सेल म्हणजे ८१९२ युनिटचा चौकोन, त्यात ६५ बाय ६५ बिंदूंच्या उंच्या. मॉड या उंच्याच नव्यानं लिहितो. टेक्स्चर पॅक ही रंगसफेदी, त्याला ओव्हरहॉल म्हणू नका. दोन मॉडनी एकाच सेलला हात लावला तर शेवटी लोड होणाऱ्याची जमीन राहते, पण दुसऱ्याची घरंही तिथंच उभी असतात. माझ्याकडे किनाऱ्यावरचं एक झोपडं हातभर वर तरंगत होतं. दाराची पायरी हवेत, खालून खेकडा आरामात ये-जा करतोय. आतेभावाला सणच! चूक माझी होती. मॉरोविंड प्लगइन, म्हणजे मॉडच्या फाइली, त्यांच्या तारखेप्रमाणे लोड करतो, आणि मी त्या तारखांचा पार घोळ घालून ठेवला होता.

सेव्हचं म्हणाल तर टॅमरिएल रीबिल्ट बेटाला धक्का न लावता बाजूला जमीन जोडतो, त्यामुळे जुना सेव्ह चालतो. एन्डेराल या मॉडचं तसं नाही. २०१६ साली जर्मनीच्या शुअरएआय या मॉड बनवणाऱ्या गटानं मॉरोविंडच्याच मालिकेतल्या स्कायरिम गेमच्या इंजिनावर अख्खं दुसरंच जग उभं केलं, तिथं नवा गेमच सुरू करावा लागतो. आणि हो, मॉड टाकण्याआधी सेव्हची कॉपी काढा, मध्येच मॉड उडवू नका. मॉरोविंडच्या मूळ इंजिनवर एमजीई (लांबचं दृश्य दाखवणारं जोडसाधन) वापरत असाल तर लांबची जमीन पुन्हा जनरेट करा, नाहीतर शहर अगदी नाकासमोर आल्यावर उगवेल.

एक राहिलंच. टॅमरिएल रीबिल्टचं काम २००१ पासून चालू आहे आणि अजून संपलेलं नाही. चालता चालता एका ठिकाणी जमीन सरळ संपते. हे आतेभावाला अजून सापडलेलं नाही.