वाचकांचे प्रश्न: पहिलं टर्बाइन जेट कुठलं घेऊ?

प्रश्न: सहा वर्षं आरसी (रिमोटवर चालणारी) विमानं उडवतोय. आधी फोमचं ट्रेनर, मग पेट्रोल इंजिनचं लो विंग आणि गेली दोन वर्षं ९० मिलिमीटर फॅनचं ईडीएफ (विजेच्या पंख्यावर चालणारं) जेट. आता टर्बाइन (केरोसीनवर चालणारं छोटं जेट इंजिन) घ्यायचं पक्कं केलंय. जीव एफ-१६ वर जडलाय पण क्लबमधले सगळे म्हणतात आधी साधं स्पोर्ट जेट घे. आणि टर्बाइन १०० न्यूटनचं पुरेल की सरळ १६० चं घेऊन टाकू, म्हणजे पुढच्या विमानालाही तेच चालेल?

उत्तर: क्लबमधल्यांचं ऐका. एफ-१६ मलाही फार आवडतं, पण त्याची चाकं पोटाखाली जवळजवळ असतात, आडवा वारा असला की टेकल्यावर पंख जमिनीला लागायला वेळ लागत नाही, आणि पहिल्या टर्बाइनच्या वेळी तुमचं लक्ष आधीच दहा ठिकाणी असतं. पहिलं जेट मी तरी ते उतरताना कसं वागतं एवढ्यावरच निवडेन. वर गेल्यावर सगळीच जेट छान उडतात हो, खरी परीक्षा शेवटच्या शंभर मीटरात असते.

त्याचं कारण म्हणजे लॅग. तुमच्या ईडीएफला थ्रॉटल दिला की लगेच ओढ येते. टर्बाइनला आयडलवरून (इंजिन नुसतं चालू राहील एवढ्या सर्वात कमी वेगावरून) पूर्ण ताकदीला यायला तीन ते पाच सेकंद लागतात, आतलं चाक मिनिटाला पस्तीस-चाळीस हजार फेऱ्यांवरून सव्वा-दीड लाखावर जायचं असतं, आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) ते घाईने करू देत नाही कारण घाई केली तर आतलं तापमान भडकतं. आता हिशोब करा, फायनलला (उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) विमान सेकंदाला २० मीटर येतंय आणि तुम्हाला वाटलं की हे धावपट्टीच्या अलीकडेच पडणार, थ्रॉटल पुढे ढकलला, चार सेकंदांनी ताकद आली, तोवर विमान ८० मीटर पुढे आलेलं असतं, म्हणजे बहुतेक वेळा जमिनीत. म्हणून फायनलला आयडलच्या थोडं वर ठेवून यायचं, फ्लॅप (पंखाच्या मागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) सोडून ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध वाढवायचा, आणि परत वर जायचं की नाही हे बेस लेगवरून (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरून) वळतानाच ठरवायचं. ही सवय टर्बाइन यायच्या आधीच लावता येते, तुमच्या ईडीएफवर ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलला तीन-चार सेकंदांचा स्लो लावा आणि महिनाभर तसंच उडवा (पहिले काही दिवस उंची राखून). मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे करायला लावतो.

मग विमान कसं पाहिजे, तर जाड पंखाचं, मोठ्या फ्लॅपचं, चाकं लांब लांब असलेलं, गिअरला (चाकांच्या पायांना) ट्रेलिंग लिंक म्हणजे धक्का झेलणारा सांधा असलेलं. कांगारू, बूमरँग ही नावं ऐकली असतील, ही खास जेट ट्रेनर म्हणूनच निघालेली विमानं, टर्बाइन पाठीवर उघडं बसवलेलं, दिसायला लढाऊ विमानासारखं काही नाही. पण टर्बाइन बाहेर असल्याचा फायदा पहिल्या वर्षी फार कळतो, इंधनाच्या ट्यूब डोळ्यासमोर, गरम भाग बॉडीच्या बाहेर, काही गळालं तर लगेच दिसतं. लाकडी बांधणी असेल तर अजून बरं, रिब मोडली तर घरी बसून दुरुस्त होते, कंपोझिट बॉडी एकदा चिरली की काम वाढतं.

आता १०० की १६०. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोची ओढ, आणि इंधनासकट १०-१२ किलोच्या स्पोर्ट जेटला ती भरपूर होते. १६० चं तेवढ्याच विमानात बसवलं तर वजन वाढणार, इंधन जास्त पिणार, आणि सरळ उड्डाणात विमान त्याच्या बांधणीला झेपणाऱ्या वेगाच्या वर कधी गेलं ते कळणारही नाही, मग एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) फडफडायला लागला तर दोन सेकंदांत खेळ संपतो. अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, मोठ्या टर्बाइनची आयडलवरची ओढ पण मोठी असते, त्यामुळे उतरताना विमान हळू व्हायलाच तयार नसतं आणि टेकल्यावर ब्रेकवर सगळा भार येतो. पुढच्या विमानाचं टर्बाइन पुढच्या विमानाबरोबर घ्या.

टाकीचंही आत्ताच ठरवा. १०० च्या वर्गातलं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ३०० ते ४०० मिली पितं, तीन लिटरच्या टाकीवर टायमर सहा-सात मिनिटांचा लावा आणि पाव टाकी शिल्लक असताना खाली या. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मात्र मुख्य टाकी रिकामी, एअर ट्रॅप (पंपाच्या आधी इंधनातली हवा अडवणारी छोटी टाकी) भरलेला आणि गिअर खाली अशा स्थितीत बघा. आणि एअर ट्रॅपवर अजिबात काटकसर नको. माझं एक जेट दुसऱ्या वर्षी डाऊनविंडला (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उलट जाताना) असतानाच बंद पडलं, आवाज एकदम गेला, नुसती हवेची शीळ. उंची होती म्हणून वळवून आणता आलं, धावपट्टी गाठणार याची खात्री झाल्यावरच गिअर सोडला. घरी ट्यूब काढून बघितली तर एअर ट्रॅप आणि पंपाच्या मध्ये निपलवर ताणून बसवलेल्या जागी केसाएवढी चीर, इंधन बाहेर गळत नव्हतं पण पंप ओढायला लागला की तिथून हवा आत यायची. तांदळाएवढा बुडबुडा पुरतो इंजिनातली आग विझायला. तेव्हापासून दर सीझनला सगळ्या ट्यूब बदलतो, आणि पंप चालू असताना पारदर्शक ट्यूबमध्ये बुडबुडे पळतायत का हे खाली बसून बघतो.

आणि हो, टर्बाइनसाठी बऱ्याच देशांत वेगळी परवानगी किंवा अनुभवी पायलटसमोर चाचणी लागते, विमा लागतो, क्लबचे नियम असतात, ते विमान मागवायच्या आधी बघा. फेलसेफला (रेडिओचा संपर्क तुटल्यावर) इंजिन बंद होतंय हे ट्रान्समीटर बंद करून स्वतः तपासा.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे, अजून ईडीएफच उडवतो. टर्बाइन सुरू कसं होतं आणि एवढ्याशा डब्यात नेमकं काय चालतं?

उत्तर: एकदा जवळून बघच, पण बाजूला आणि थोडं पुढे उभा राहून, मागे नाही आणि फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत तर अजिबात नाही. आधी पुढची स्टार्टर मोटर चाक फिरवते, बारीक शिट्टीसारखा आवाज, आत इग्नायटर लालबुंद होतो, पंप टिक टिक करत थेंब थेंब केरोसीन सोडतो. मग भप्प करून पेटतं, स्क्रीनवर तापमानाचा आकडा उड्या मारत चढतो आणि शिट्टीची गर्जना होते. ईसीयू हळूहळू इंधन वाढवतं, स्टार्टर सुटतो आणि इंजिन आपलं आपण आयडलला बसतं. आत फिरणारं म्हणशील तर एकच शाफ्ट, पुढे हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक, मागे टर्बाइनचं, मधे ज्वलनाची जागा. बेअरिंग सिरॅमिकची, आणि त्यांना तेल इंधनातूनच मिळतं, म्हणून केरोसीनमध्ये कंपनी सांगेल तेवढं, साधारण ३ ते ५ टक्के टर्बाइन ऑइल मिसळतात, ते विसरलं की बेअरिंग गेलीच.

सुरू करताना आग बाहेर आली तर विझवायला सीओटूचा सिलिंडर पाहिजे, पावडरचा मारला तर इंजिन आतून खराब होतं. आणि फेल झालेल्या स्टार्टनंतर आत साठलेलं केरोसीन काढल्याशिवाय परत बटण दाबायचं नाही, बहुतेक मोठ्या ज्वाळा तिथेच लागतात.

हे सगळं मोठ्या कारखान्यातून सुरू झालं असं समजू नकोस. जर्मनीच्या कर्ट श्रेकलिंग यांनी छंद म्हणून असं इंजिन घरच्या साधनांत बनवलं, त्यातलं कॉम्प्रेसरचं चाक प्लायवूडचं होतं, वरून कार्बन फायबरने बांधलेलं! मला अजूनही त्याचं फार कौतुक वाटतं. तू मात्र स्वतः बनवायच्या भानगडीत आत्ता पडू नको, आधी क्लबमधल्या कोणाचा तरी मदतनीस हो, इंधन भर, सिलिंडर धरून उभा राहा.

प्रश्न: वापरलेलं टर्बाइन घ्यावं का?

उत्तर: घ्या, पण इंजिन चालू करून दाखवल्याशिवाय नको. ईसीयूमध्ये एकूण किती तास चाललंय आणि शेवटचं कशामुळे बंद झालं हे साठवलेलं असतं, ते स्क्रीनवर बघा. बऱ्याच कंपन्या २५ तासांनी सर्व्हिस सांगतात, ती झाल्याचा कागद मागा. बंद केल्यावर स्टार्टर थांबून थांबून फिरवत इंजिन १०० अंशांच्या खाली थंड करतो, ते पूर्ण होऊ द्या, मग कान जवळ नेऊन चाक बोटाने हलकेच फिरवा. गुळगुळीत, बिनआवाज फिरलं पाहिजे. खरखर लागली किंवा पात्यांच्या कडा खडे खाल्ल्यासारख्या दिसल्या तर सर्व्हिसचा खर्च धरून बोला, नाहीतर सोडून द्या.