ज्योत बसली की मी वरून मूठभर टाकते, मग धूरच धूर

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही धायरीला राहतो, बैठं घर आहे, मागे पत्र्याची शेड. आंघोळीच्या पाण्याला इतकी वर्षं तांब्याचा बंब होता, तो गळायला लागला म्हणून मिस्टरांनी रविवारी जुन्या बाजारातून पेलेटची (म्हणजे भुसा-तूस दाबून केलेल्या बारीक कांड्यांची) चूल आणली, फॅनवाली, घासाघीस करून १८०० ला. आतली बॅटरी मेलेली होती तर भाच्याने वायरी बाहेर काढून मोबाईलचा चार्जर जोडून दिला, फॅन फिरतो. पेलेट मावळातल्या एका राईस मिलवाल्याच्या ओळखीने पोतंभर आणलेत, तुसाचे आहेत, स्वस्त पडले. पेटते छान, पाच-सात मिनिटं ज्योत मस्त, मग बसते, मग मी वरून मूठभर टाकते की सगळी शेड धुराने भरते आणि पातेल्याचं बूड काळंकुट्ट. सकाळी साफ करायला जावं तर तळाला काचेसारखा दगड, उलथन्याने खरवडावा लागतो. सासूबाई रोज ऐकवतात की बंबच बरा होता. चूल परत करू का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, परत कुठे करताय, जुन्या बाजारात विकलेला माल परत घेणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आणि गरजही नाहीये. तुमच्या पत्रात तुम्हीच तीन बिघाड लिहून दिलेत, मोबाईलचा चार्जर, मूठभर आणि राईस मिल. चूल बिचारी बहुतेक ठणठणीत असणार.

आधी मूठ. बंबाची सवय असलेल्या प्रत्येकाचं हेच होतं, आग बसली की सरपण सारायचं. पण ही चूल उलटी चालते. पेलेट एकदाच भरायचे, वरून पेटवायचे, आणि आग वरून खाली सरकत जाते. आपल्याला जी ज्योत दिसते ती खरं तर पेलेटची नसतेच, तापलेल्या पेलेटमधून जो वायू निघतो त्याची असते. खालच्या जाळीतून थोडी हवा येते ती पेलेट तापते ठेवते, आणि वरच्या काठाला गोल फिरून जी बारीक भोकं आहेत ना, त्यातून येणारी हवा तो वायू जाळते. आता तुम्ही वरून थंडगार मूठभर टाकलेत की ज्योत विझते, खालून वायू येतच राहतो, नवीन पेलेटही तापून वायू सोडायला लागतात, आणि जाळायला वर काही नाही. तोच तुमचा पांढरा धूर. म्हणजे इंधनच हवेत सोडताय तुम्ही. तेव्हा मधे काही टाकायचं नाही, एका भरण्यात जेवढं पाणी तापेल तेवढं तापवायचं, अजून हवं असेल तर चूल रिकामी करून परत भरायची. आणि भरताना शीग लावून भरू नका, वरच्या भोकांच्या दोन बोटं खालीच थांबा, भोकं झाकली गेली तर पहिल्या मिनिटापासून धूर.

पण मग ज्योत पाच मिनिटांत बसतेच का, हा खरा प्रश्न, आणि इथे भाचेसाहेब येतात. मोबाईलचा साधा चार्जर देतो ५ व्होल्ट. या चुलींचे फॅन काही १२ व्होल्टचे, काही ६ चे, फॅनवर छोटं स्टिकर असतं त्यावर लिहिलेलं असतं, राखेने भरलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून वाचा. १२ चा फॅन ५ वर फिरतो, फिरताना दिसतो, म्हणून माणूस फसतो, पण वारा काही येत नाही. उदबत्ती पेटवून वरच्या भोकांपाशी धरा (चूल थंड असताना), धूर आतल्या बाजूला जोरात ढकलला गेला पाहिजे, नुसता डोलत राहिला तर फॅनला ताकद नाही. फॅन १२ चाच निघाला आणि घरात वायफायचा जुना राऊटर पडला असेल तर त्याचा अॅडॅप्टर बघा, बरेचसे १२ व्होल्टचेच असतात. स्टिकरवर फॅनला जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढे किंवा जास्त अॅडॅप्टरवर असले की झालं, लाल वायर प्लसला. उलटी जोडली तर असले फॅन बहुतेक फिरतच नाहीत. आणि फॅन कुरकुरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच. खोबरेल घालू नका, माझ्याकडे एका आजोबांनी खोबरेल घातलेली चूल आणली होती जानेवारीत, फॅन गच्च, तेल आत गोठून बसलेलं, उन्हात ठेवल्यावर आपोआप सुटला.

वारा ठीक असूनही ज्योत पिवळी आणि लोळत असेल तर भोकं बुजलीत. रात्री लाईट बंद करा, तळातल्या फॅनच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि वरून आत बघा, उघडी भोकं चांदण्यांसारखी दिसतात आणि बुजलेली दिसतच नाहीत. सायकलच्या स्पोकने एकेक मोकळं करा, ड्रिलने मोठी करायला जाऊ नका, त्या भोकांच्या मापावरच सगळा खेळ आहे. फॅनचा डबा चुलीला जिथे जोडलाय तिथली फट पण बघा, हवा तिथूनच शेडमध्ये पळत असेल. पण ती फट एपॉक्सीच्या लांबीने बुजवू नका, जळून वास मारेल. काचेच्या धाग्याची दोरी मिळते, ती लावा.

आता तो काचेचा दगड. तुम्ही काचेसारखा म्हणालात ते अगदी बरोबर आहे, ती जवळजवळ काचच आहे. भाताच्या तुसात राख खूप, वजनाच्या साधारण पाचवा भाग, आणि त्यातली बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचीच बहीण. त्यात पोटॅश मिसळलं आणि निखारे खूप तापले की ते वितळून गोळा होतं. चांगल्या लाकडाच्या भुशाच्या पेलेटला राख एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे किलोमागे चमचा-दोन चमचे, आणि तुमच्या तुसाला जवळजवळ २०० ग्रॅम. स्वस्त पडले खरे, पण पाचातलं एक पोतं राखेचंच विकत घेताय. तर तूस सोडा, भुसा मागा. दुकानदार व्हाईट कोल म्हणून जाडजूड कांड्या देईल, त्या ब्रिकेट, बॉयलरला जातात, तुम्हाला नकोत, तुम्हाला करंगळीपेक्षा बारीक, ६ ते ८ मिलिमीटरवाले हवेत. घेताना एक हातात धरून मोडा, टक् असा आवाज आला पाहिजे, मऊ वाकून चुरा झाला तर ओल धरलीये. उरलेलं तुसाचं पोतं संपवायचंच असेल तर निम्मा भुसा मिसळा, आणि ज्योत जाऊन नुसते निखारे राहिले की रेग्युलेटर कमी करा, फुल फॅनवर निखारे भट्टीसारखे तापतात आणि तेव्हाच दगड बनतो. पावसाळ्यात पोतं जमिनीवर नको, झाकणाचं पिंप. एकदा पाणी पिऊन फुगलेला पेलेट उन्हात घालून परत पेलेट होत नाही, त्याचा भुसाच.

पेटवायला चार कापराच्या वड्या आणि करवंटीचे तुकडे पुरेत. पेट्रोल नको, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

आणि एक मी हात जोडून सांगतो. पावसात शेड गळते म्हणून ही चूल बाथरूममध्ये नेऊ नका, दार लावून तर अजिबातच नाही. ज्योत गेल्यावर निखारे राहतात तेव्हा धूर नसतो, वास नसतो, सगळं छान वाटतं, पण कार्बन मोनॉक्साईड तेव्हाच जास्त निघतो आणि तो नाकाला कळत नाही. निखारे लोखंडी घमेल्यात काढून पाणी मारा, गरम राख घंटागाडीत जाऊ देऊ नका.

जाता जाता, या चुली जुन्या बाजारात एवढ्या का दिसतात त्याला कारण आहे. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत घडलेल्या डिझाईनच्या अशा फॅनवाल्या चुली २००६ च्या सुमारास महाराष्ट्र-कर्नाटकात घरोघर विकल्या गेल्या, मग पेलेट महाग होत गेले आणि चुली माळ्यावर गेल्या. त्यामुळे जुनी चूल म्हणजे बिघडलेलीच असं नाही, बऱ्याच नुसत्या पडून राहिलेल्या असतात. सासूबाईंना म्हणावं बंबाला कल्हई करून ठेवा, शोभेला चांगला दिसतो. (हे माझ्या नावावर सांगू नका.)

प्रश्न : मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो. घरासोबत जुना पेलेट स्टोव्ह आलाय, खोली गरम करायचा, पेटतो आणि वीसेक मिनिटांत आपोआप बंद होतो. पुढच्या वर्षी तो कायमचा परत येतोय आणि दुरुस्त करून तो स्टोव्ह पुण्याला आणू म्हणतोय. आणावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, तो स्टोव्ह वेगळा, त्यात टाकीतून स्क्रू फिरून थोडे थोडे पेलेट आत पडतात. धुराची वाट ठराविक तापली नाही तर मशीन समजतं की आग लागलीच नाही, आणि स्वतःला बंद करतं. बहुतेक वेळा कारण घाण. जळायच्या वाटीची भोकं आणि बाहेर जाणारा पाईप साफ करायला सांगा, राखेसाठी असतो त्या व्हॅक्यूमने, घरच्या साध्याने नाही, त्यात निखारा गेला तर पिशवी पेटते. मग स्टोव्हच्या दारात एक नोट अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची, सहज निघून आली तर दाराच्या कडेची फट बंद करणारी दोरी गेलीये, हवा तिथून शिरते.

पुण्याला मात्र नको. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, त्यामुळे स्क्रूची मोटर हळू फिरेल आणि पेलेट कमी पडतील. त्यात आपल्याकडे पारा १० च्या खाली जातो तो डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्री, तेवढ्यासाठी भिंतीला भोक पाडून धुराचा पाईप काढायला सोसायटी परवानगी देईल का ते तुम्हीच बघा. मी तर म्हणणार होतो त्याला तो राखेचा व्हॅक्यूम तेवढा आणायला सांगा, माझ्या कामाचा आहे, पण तोही १२० वरच चालतो.