इंजिन बांधायचं की नवी गाडी घ्यायची?

प्रश्न: माझी २०१५ ची डिझेल स्विफ्ट डिझायर २ लाख ३० हजार किलोमीटर चालली आहे. आता ऑइल खाते, निळा धूर सोडते. मिस्त्रीने इंजिन बांधायचे (उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायचे) ९५,००० सांगितले. शोरूमवाले एक्स्चेंजला १,४०,००० देतात. नव्या गाडीसाठी त्यावर १,६०,००० भरून ६ लाखांचं कर्ज काढावं लागेल. एफडी २ लाखांची, महिन्याला १५,००० शिल्लक राहतात. मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. रोज सातारा-कराड ये-जा आहे. काय करू?

उत्तर: पत्रा आणि चासी धड असेल तर इंजिन बांधा. ६ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता साधारण १२,६०० येतो. म्हणजे तुमची शिल्लक जवळजवळ सगळी गेली, आणि मुलीची फी भरायची वेळ आली तेव्हाही तीन वर्षांचे हप्ते बाकीच. नव्या गाडीला पुढे किंमत येईल हे खरं, पण फी त्या किमतीतून भरता येत नाही. तुमच्या गाडीची नोंदणी २०३० पर्यंत आहे.

मात्र होकार द्यायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या आणि टर्बोही (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बघायला सांगा. टर्बोचं सील गेलं तरी गाडी ऑइल खाते, आणि तसं असेल तर काम बरंच स्वस्तात होईल.

९५,००० हा आकडा शेवटचा धरू नका. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरल्यावर क्रँक, ऑइल पंप, इंजेक्टर यांतलं काहीतरी निघतंच. वर ३०,००० बाजूला ठेवा. बोअरिंगचं (सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचं) मोजमाप आणि सुट्या भागांची बिलं लेखी मागा. जुना ऑइल कूलर नीट साफ करायला किंवा बदलायला लावा. त्यात अडकलेला धातूचा चुरा नव्या बेअरिंगांना खातो.

हे १,२५,००० एफडी मोडून नको, एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढंच उचलायचं कर्ज) काढून द्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त आणि तेही वापरलेल्या रकमेवर. महिन्याला १५,००० टाकलेत तर नऊ महिन्यांत फिटेल. पर्सनल लोन नको.

आता जिथे लोकांचे पैसे वाया जातात ते, म्हणजे रनिंग-इन (बांधलेलं इंजिन सुरुवातीला ठरावीक पद्धतीने चालवून बसवणं). पहिल्यांदा सुरू करताना मिस्त्रीने आधी इंजिन नुसतं फिरवून ऑइलचा दाब आणावा, कूलंटमधली हवा काढावी. मग गाडी उभी ठेवून तासभर चालू ठेवू देऊ नका. बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, होनिंगच्या (घासून पाडलेल्या) बारीक रेषा असतात. इंजिनवर भार पडला की पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून बसतात. भार नसेल तर बोअर गुळगुळीत होतो, रिंगा बसतच नाहीत आणि ऑइल पुन्हा जळायला लागतं. पहिले हजार किलोमीटर वेग कमीजास्त करत चालवा, अडीच हजार आरपीएमच्या आत, पाच माणसं आणि सामान न भरता. कराडच्या हमरस्त्यावर एकाच वेगात तासभर धावणं या काळात नको. शक्य असेल तर पहिला आठवडा एसटीने जा आणि गाडी संध्याकाळी गावातल्या रस्त्यांवर फिरवा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. हा खर्च त्या ३०,००० मध्ये धरलेला आहे. तो वाचवू नका, आणि रोज सकाळी डिपस्टिक बघून पातळी वहीत लिहा. मिस्त्रीकडे वॉरंटी मागायची वेळ आली तर ती वही दाखवता येईल.