वळताना चेंडू निसटतो? आधीची दोन पावलं बघा

प्रश्न : कोन (प्लास्टिकचे शंकू) मांडून ड्रिब्लिंगचा, म्हणजे चेंडू पायाने खेळवत नेण्याचा, सराव रोज करतो. तिथे वेग चांगला येतो. पण फुटसालच्या (छोट्या मैदानावरच्या, पाच-पाच जणांच्या फुटबॉलच्या) सामन्यात दिशा बदलायला गेलो की चेंडू लांब जातो, नाहीतर समोरचा पाय घालून काढून घेतो. काय चुकतंय?

उत्तर : चूक बहुधा वळण्याच्या आधीच्या दोन पावलांत आहे. भरवेगात शेवटचा स्पर्श जोरात बसतो, चेंडू हातभर पुढे जातो आणि त्याला गाठायला तुम्ही पाय लांबवता. लांबवलेल्या पायावर वळता येत नाही. ती दोन पावलं आखूड टाका, गुडघे वाकवून कंबर खाली आणा आणि शेवटचा स्पर्श इतका हलका ठेवा की चेंडू पायाशीच राहील.

फुटसालमध्ये सगळ्यात कामाचं वळण म्हणजे तळव्याने चेंडू मागे ओढणं. एक पाय चेंडूच्या शेजारी वीतभर अंतरावर टेकवा, दुसऱ्याचा चवडा चेंडूच्या माथ्यावर ठेवा. टाच नको. सगळा भार टेकलेल्या पायावर हवा. चेंडूवर भार टाकलात की तो घरंगळतो आणि त्याच्यामागोमाग तुम्हीही.

प्रतिस्पर्धी उजव्या खांद्याशी धावत असेल तर डाव्या तळव्याने ओढा आणि डावीकडून वळा. वळताना पाठ त्याच्याकडे होते, चेंडू अंगाआड राहतो. पूर्ण मागे वळलात की तोच चेंडू तुमच्या उजव्या हाताला आलेला असतो, त्यामुळे पुढचा स्पर्श उजव्या पायाने. पुष्कळ जण सवयीने डावाच पाय पुढे करतात आणि तिथेच पायात पाय अडकतो.

सरावासाठी दोन कोन ४ मीटरवर ठेवा. प्रत्येक कोनाशी ओढून वळायचं आणि वळल्यावरची पहिली तीन पावलं जीव तोडून पळायचं. सहा वळणं झाली की ४५ सेकंद विश्रांती; असे चार सेट, दोन डाव्या पायाने, दोन उजव्या. थकल्यावर जास्तीचे सेट करू नका, पावलं परत लांब पडू लागतात.

कोन सारख्या अंतरावर मांडत असाल तर तेही बदला. पायांना ताल पाठ होतो, नजर चेंडूवर खिळते. सामन्यात तसा ताल कुणी देत नाही. कोन १, २, दीड मीटर असे वेडेवाकडे ठेवा. आठवडाभराने कोन काढूनच टाका. जोडीदाराला दोन मीटरवर उभं करा. तो ज्या बाजूचा हात वर करेल, त्याच्या उलट बाजूला वळायचं. मान आपोआप वर येते.

प्रश्न : ५ नंबरच्या फुटबॉलवर सराव केला तर चालेल का?

उत्तर : पायाला वळण लागेपर्यंत चालेल, पुढे नको. फुटसालचा चेंडू ४ नंबरचा : घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटरच उठतो, म्हणून तो तळव्याखाली थांबतो. मोठा चेंडू जास्त उसळतो. त्यातली हवा काढणं हा उपाय नव्हे : चेंडू चवड्याखाली दबतो, नीट फिरत नाही, आणि तुम्ही लागेल त्यापेक्षा जास्त जोराने ओढायला शिकता.