नीत्शे, नित्शे, नित्श्के: एका निकोलसची अनेक आडनावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जर्मनीत, सॅक्सनी राज्यातल्या केम्नित्समध्ये नोकरीला आहात. घरमालकीणबाईंचं आडनाव नित्शे, त्याच इमारतीत बेलच्या पाटीवर एक नित्श्के, आणि ऑफिसात आणखी एक नित्शे, पण त्यांच्या स्पेलिंगमध्ये झेड नाही. हे सगळे तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शेचे भाऊबंद का? आणि नीत्शे घराणं मूळचं पोलिश, हे खरं का?

भाऊबंदकी बहुधा नाही, आणि पोलिश सरदारकीची कथा खरी नाही. पण ती का खरी नाही, हे त्या आडनावाच्या शेपटातच दिसतं आणि मला ते फार आवडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी स्पेलिंगचं बघू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. तत्त्वज्ञाच्या नावात 'एन'नंतर 'आय-ई' येतं, म्हणून ई दीर्घ: नीत्शे. तुमच्या मालकीणबाईंच्या नावात नुसता 'आय', पुढे टी-झेड-एस-सी-एच: याला मी झेडवालं नित्शे म्हणतो. ऑफिसातलं ते बिनझेडचं नित्शे. शेवटच्या 'ई'चा उच्चार आपण 'ए' करतो, जर्मन माणूस तिथे पुसटसा 'अ' करतो. मधली ती चार-पाच अक्षरं बघून आपण घाबरतो, पण मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. 'चिंच' म्हणून बघा. शेवटचा च म्हणजे जर्मन 'टी-झेड', आणि पहिला च म्हणजे साधारण 'टी-एस-सी-एच'. आपण हे दोन्ही आवाज एकाच अक्षराने लिहितो आणि बोलताना कधी चुकत नाही. सॅक्सनीतल्या जुन्या लेखनिकांची अडचण उलटी होती. आवाज एकच होता, पण तो दोन्हींच्या मधला वाटायचा, म्हणून त्यांनी दोन्हींची अक्षरं एकापुढे एक लिहून टाकली. झेड आहे की नाही यावरून घराणं ठरत नाही, लिहिणाऱ्याचा हात तेवढा कळतो.

आता मूळ. हे आडनाव निकोलसचं आहे, म्हणजे जर्मन निकोलाउस. मायरातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) या संताचे अवशेष 1087 मध्ये इटलीतल्या बारीला नेले, आणि त्यानंतर पश्चिम आणि मध्य युरोपात त्याची भक्ती झपाट्याने पसरली. खलाशी आणि व्यापारी त्याला आपला रक्षक मानत. लाइपझिगला जाल तेव्हा निकोलाय चर्च बघा. दोन मोठे व्यापारी रस्ते जिथे एकमेकांना छेदत, तिथे ते 1165 च्या सुमारास उभं राहिलं. अशा गावात प्रत्येक गल्लीत दोन-चार निकोलाउस असणारच. आणि जे नाव उठता-बसता हाकारलं जातं, ते झिजतं. दत्तात्रेयाचा दत्तू होतो, तसंच.

कुठे ते कसं झिजलं हे बघितलं की जर्मनीचा नकाशा उलगडतो. उत्तरेला क्लास, बऱ्याच भागांत क्लाउस, कुठे निकेल, सिलेशियात (हा प्रांत आज मुख्यतः पोलंडमध्ये) क्लोजे. फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोजे जन्मला ते ओपोले सिलेशियातच आहे. निकेल हे लाडकं नाव तर एका धातूला चिकटलं. खाणकामगारांना तांब्यासारखं दिसणारं पण तांबं न देणारं एक खनिज सापडायचं. हा खाणीतल्या खोडकर भुताचा, म्हणजे 'निकेल'चा उद्योग, असं ते म्हणत आणि त्या खनिजाला 'कुप्फरनिकेल', तांब्यातला निकेल, म्हणत. स्वीडनच्या क्रोनश्टेटने 1751 मध्ये त्यातून नवा धातू वेगळा काढला आणि नाव तेच राहिलं.

आणि एल्बे-साले नद्यांच्या पूर्वेला, म्हणजे सॅक्सनी, लुसाशिया, सिलेशिया आणि उत्तर बोहेमिया (आजच्या चेकियात) या पट्ट्यात, निकोलाउसचा झाला नित्शे. या मुलखात आधी स्लाव लोक, म्हणजे पोलिश-चेक यांच्या भाषाकुळातले, राहत होते. बाराव्या-तेराव्या शतकात पश्चिमेकडून जर्मन शेतकरी, कारागीर, खाणकामगार येऊन वसले. पिढ्यान्पिढ्या शेजार झाला, सोयरिकी झाल्या, आणि स्लाव भाषांत लाडाने नावाला लावायचा 'श-च'चा प्रत्यय जर्मन बोलणाऱ्यांच्याही जिभेवर बसला. स्लाव सोर्ब लोक आजही बाउत्सेनच्या परिसरात आहेत. तिथे रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत दिसतील.

माझ्या उत्तरातला मुख्य मुद्दा इथे आहे. शेपूट स्लाव म्हणून घराणं स्लाव, असं लोक सहज धरून चालतात. पण तुमच्या शहरातली बाकीची आडनावं बघा: फ्रित्शे, दीत्श, कुंत्श. फ्रित्शे म्हणजे फ्रीडरिश, दीत्श म्हणजे डीट्रिश, कुंत्श म्हणजे कोनराड. ही तिन्ही मूळ नावं अस्सल जर्मन, स्लाव भाषांशी त्यांचा संबंध नाही. तरी शेपूट तेच. म्हणजे हा प्रत्यय त्या मुलखात सगळेच वापरत होते, कुणाचे पूर्वज कुठून आले याचा त्याच्याशी संबंध नव्हता. आडनाव इथे गाव सांगतं, रक्त सांगत नाही.

दुसरी खूण आडनावाच्या सुरुवातीला आहे. निकोलस पोलिशमध्ये 'म'ने सुरू होतो. कोपर्निकसचं पोलिश नाव मिकोवाय. चेकमध्ये मिकुलाश, सोर्बमध्येही 'म'च. नित्शे मात्र 'न'ने सुरू होतं. जर्मन धडाला स्लाव शेपूट, असं हे नाव आहे, आणि असं नाव दोन भाषा जिथे शेजारी नांदतात तिथेच तयार होतं.

मग पोलिश सरदारकी आली कुठून? खुद्द तत्त्वज्ञाकडून. धर्मासाठी देश सोडून आलेले प्रोटेस्टंट पोलिश सरदार हे आपले पूर्वज, अशी कथा त्याच्या घरात होती. त्याने ती मनापासून उचलली, आणि शेवटच्या आत्मपर पुस्तकासाठी तर आपण शुद्ध पोलिश सरदार आहोत, जर्मन रक्ताचा थेंबही नाही, असं लिहिलं. त्याला जर्मन राष्ट्रवादाचा मनस्वी तिटकारा होता, हे लक्षात घेतलं की त्या वाक्यामागची कळकळ समजते. पण कागद वेगळं बोलतात. वडील कार्ल लुडविग हे ल्युट्सेनजवळच्या र्‍योकेन गावचे ल्युथरन पाद्री, आजोबा आइलेनबुर्गला चर्चचे मोठे अधिकारी, आई फ्रान्त्सिस्का ओएलर हीसुद्धा जवळच्याच पोब्लेसच्या पाद्र्याची मुलगी. सगळं घराणं सॅक्सनीच्या आसपासचं. 1930 च्या दशकात त्याच्या आईकडच्या नात्यातल्या माक्स ओएलरने वंशावळ काढून पोलिश कथा खोडली. त्या काळात असा निष्कर्ष नाझी राज्यकर्त्यांना हवाच होता, म्हणून मी एकट्या त्या वंशावळीवर भिस्त ठेवत नाही. पण आडनावाची घडण आणि त्याचा पसारा तिकडेच बोट दाखवतात.

थेट वंशाचं म्हणाल तर तो संपलाच. फ्रीडरिश 15 ऑक्टोबर 1844 चा, त्याला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ लुडविग योझेफ 1850 मध्ये दोन वर्षांचाही नसताना गेला. बहीण एलिझाबेथ 1935 पर्यंत जगली, तिलाही मूल नाही. त्यामुळे आज कुणी नीत्शे आडनाव सांगत असेल तर तो फार तर दूरच्या शाखेतला. आणि निकोलाउस नावाची माणसं गावोगाव होती, तेव्हा हे आडनाव वेगवेगळ्या गावांत स्वतंत्रपणे शेकडो वेळा तयार झालेलं असणार. तुमच्या मालकीणबाई आणि ऑफिसातले सहकारी यांच्यातसुद्धा नातं गृहीत धरू नका.

आजच्या पसाऱ्याबद्दल. जर्मनीत आडनावांचे नकाशे मुख्यतः लँडलाइनच्या टेलिफोन डिरेक्टरीवरून बनतात. माइन्त्स आणि फ्रायबुर्गच्या भाषातज्ज्ञांचा सात खंडांचा जर्मन आडनावांचा अॅटलास 2005 च्या फोन जोडण्यांवर उभा आहे. पुढे मोबाइल आले, लोकांनी लँडलाइन काढून टाकली, म्हणून ते साल महत्त्वाचं. असा नकाशा बघताना एक चूक सगळे करतात, मीही सुरुवातीला केली: नुसता आकडा बघायचा. मग बर्लिन मोठं दिसतं, कारण बर्लिनमध्ये सगळंच मोठं असतं. दर लाख लोकांमागे किती, असा नकाशा लावा. तो लावला की झेडवालं नित्शे सॅक्सनीत गडद होतं: लाइपझिग, ड्रेस्डेन, तुमचं केम्नित्स. 'आय-ई'वालं नीत्शे खरोखर दुर्मिळ आहे, त्याच मुलखात आणि लगतच्या भागात विखुरलेले थोडे ठिपके. जगभर गाजलेलं रूप हे प्रत्यक्षात सगळ्यांत तुरळक आहे, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

बिनझेडचं नित्शे मात्र सगळ्या देशभर पसरलेलं दिसतं, आणि इथे हा नकाशा फसवतो. ते आडनाव सिलेशिया, बोहेमिया, मोराव्हियाकडचं. 1945 नंतर पूर्वेकडच्या प्रांतांतून आणि पूर्व युरोपातून सुमारे सव्वा कोटी जर्मन लोकांना घरं सोडावी लागली, आणि ही आडनावं बायर्नपासून हॅम्बुर्गपर्यंत विखुरली. नित्श्केचंही तेच. 2005 चा नकाशा तुम्हाला निर्वासित कुठे पोचले ते दाखवतो, ते निघाले कुठून हे दाखवत नाही. त्यासाठी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या हानी-याद्या बघायच्या. ठार, जखमी, बेपत्ता, कैद झालेल्या सैनिकांची नावं, बऱ्याचदा गावासकट, सरकार छापत असे. जर्मनीतल्या हौशी वंशावळकारांनी त्या गिचमिड छपाईतल्या सुमारे 85 लाख नोंदी स्वयंसेवकांकरवी टंकून घेतल्या. ते आता कुणालाही फुकट शोधता येतं. हे काम करणाऱ्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, मधल्या काळात काय घडलं ते दिसतं.

परदेशातली एक शाखा क्रिकेटमुळे लक्षात राहते. 1838 पासून प्रशिया या जर्मन राज्यातले जुन्या पंथाचे ल्युथरन लोक धर्मातल्या राजाच्या ढवळाढवळीला कंटाळून दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले. नित्श्के आडनाव तिकडे रुजलं. जॅक नित्श्के 1931-32 च्या मोसमात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ऑस्ट्रेलियाकडून दोन कसोटी सामने खेळला. पहिल्या महायुद्धात त्याच दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1917 च्या कायद्याने 69 जर्मन गावनावं पुसली. क्लेमझिगचं गाझा झालं, ते 1935 मध्ये परत क्लेमझिग झालं.

आता एक पान जवळून दाखवतो. काही वर्षांपूर्वी सॅक्सनीतल्या एका खेड्याच्या चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीची छायाचित्रं मी एका ओळखीच्यांसाठी वाचत होतो. अठराव्या शतकातली वही, हस्ताक्षर जुन्या कुरेंट लिपीतलं. त्या लिपीत 'ई' अगदी 'एन'सारखा दिसतो, आणि टी-झेड-एस-सी-एच ओळीने आले की वर-खाली नुसत्या शेपट्यांचं कुंपण होतं. एकाच पाद्र्याने एकाच पानावर बापाचं नाव झेड घालून लिहिलं होतं, चार ओळी खाली काकाचं झेडशिवाय. आणि बाळाची धर्ममाय (बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई) होती 'नित्शिन'. दोन दिवस मी तिला वेगळ्या घराण्यातली समजत होतो. मग लक्षात आलं की त्या काळी बाईच्या आडनावाला 'इन' जोडत, ती बापाचीच बहीण होती. ते कोडं सुटलं त्या संध्याकाळचा आनंद अजून आठवतो. अक्षरं पक्की झाली ती सरकारी नोंदणी आल्यावर: प्रशियात 1 ऑक्टोबर 1874, बाकी साम्राज्यात 1 जानेवारी 1876. त्या दिवशी कारकुनाने जे लिहिलं ते घराण्याला कायमचं चिकटलं. 1901 मध्ये बर्लिनच्या परिषदेने जर्मन शब्दांचं स्पेलिंग सुधारलं, पण आडनावांना हात लावला नाही, म्हणून ते झेड अजून बेलच्या पाटीवर आहे.

एक सावधगिरी. डेलित्श हे आडनावही शेवटी तसंच ऐकू येतं, पण ते लाइपझिगजवळच्या डेलित्श गावावरून आलेलं, म्हणजे आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखं. तिथलं शेपूट गावाच्या नावाचं आहे, निकोलसशी त्याचा संबंध नाही. त्याला या यादीत घालू नका.

मालकीणबाईंना खरंच शोध घ्यायचा असेल तर त्यांना एवढंच विचारा: 1876 च्या आधी जन्मलेला, वडिलांकडचा सगळ्यांत जवळचा पूर्वज कोण, आणि त्याचं गाव कोणतं? गाव कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, हे नाव इतकं सार्वत्रिक आहे की चुकीच्या घरात शिराल. गाव प्रोटेस्टंट असेल तर त्या चर्चच्या वह्या आर्खिऑन या पोर्टलवर आहेत का ते बघा. पैसे भरावे लागतात, पण थोड्या मुदतीचा पास मिळतो. शोधताना झेडसह, झेडविना, 'आय-ई'सह, शेवटच्या 'ई'शिवाय, आणि बायकांसाठी 'इन' लावून, असं पाचही तऱ्हांनी शोधा. पान सापडलं आणि वाचता आलं नाही, तर इथे टाका. मी वाचून देतो.